नकाशाआडचे स्तोत्र

वाईच्या पाठशाळेत मी एकेचाळीस वर्षे शिकवले. त्या काळात कोणा विद्यार्थ्यावर आवाज चढवल्याचे मला आठवत नाही, आणि ज्यांना शिकवले त्यांनाही ते आठवणार नाही. हे आत्मस्तुतीसाठी सांगत नाही. गेल्या फेब्रुवारीत जर्मनीच्या दक्षिण टोकाला, आल्प्सच्या पायथ्याशी वसलेल्या एका स्कीइंगच्या गावी मी जे तीन दिवस रागात काढले, तो राग माझ्या स्वभावातला नव्हता, एवढेच वाचकांनी ध्यानी घ्यावे.

रागाचे कारण कळण्यासाठी आधी आमच्या घराण्यातल्या एका स्तोत्राविषयी सांगितले पाहिजे. सूर्याचे स्तोत्र आहे, अठ्ठेचाळीस श्लोकांचे, कोणा पूर्वजाने रचलेले. ते कुठे छापलेले नाही, आणि लिहून ठेवायचेही नाही, असा दंडक आहे. बापाने मुलाला किंवा काकाने पुतण्याला समोर बसवून ते द्यायचे. शिकणाऱ्याने एके दिवशी पहिल्यापासून शेवटपर्यंत, न अडखळता, देणाऱ्याच्या समोर म्हणायचे. मध्ये चूक झाली तर पुन्हा पहिल्या श्लोकापासून. सगळे निर्दोष झाले की देणाऱ्याने ‘पूर्ण झाले’ एवढे दोनच शब्द उच्चारायचे. ते शब्द मला माझ्या वडिलांकडून वयाच्या अकराव्या वर्षी मिळाले. थोरल्या बंधूंना ते माझ्याआधी मिळाले होते. बंधूंना अपत्य नव्हते, आणि गेल्या वर्षी ते गेले. मला अठ्ठ्याहत्तरावे सरले आहे. ते स्तोत्र या पृथ्वीवर आता माझ्या एकट्याच्या मुखी उरले आहे, अशी माझी समजूत होती.

माझ्या मुलाला मी ते एकतीस श्लोकांपर्यंत दिले होते. तेरा वर्षांचा असताना एका सकाळी एकोणिसाव्या श्लोकात तो चुकला. दोन विशेषणांची जागा त्याने बदलली. वृत्त बिघडले नाही, पण श्लोक बिघडला. मी त्याला पहिल्यापासून म्हणायला लावले. तो पुन्हा तिथेच चुकला. असे सात वेळा झाले. सातव्या वेळी तो आसनावरून उठला, आसन घडी करून कोपऱ्यात ठेवले, आणि पुन्हा कधीही त्यावर बसला नाही. त्याला मारले नाही, रागावलो नाही, बोलावलेही नाही. मी त्याच्या आईला म्हटले, हा विषय संपला.

तो मुलगा आता फ्रँकफुर्टजवळ एश्बॉर्नला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. त्याची मुलगी नऊ वर्षांची. तिला मराठी सगळे समजते, उत्तर मात्र जर्मनमधून येते. तीन वर्षांपूर्वी मुलानेच फोनवर सुचवले, ‘अण्णा, हिला शिकवता का ते? शनिवारी व्हिडिओ कॉलवर.’ मी आश्चर्याने आणि कृतज्ञतेने हो म्हटले. तीन वर्षे दर शनिवारी मी वाईत पडद्यासमोर बसलो आणि ती एश्बॉर्नमध्ये. गेल्या दिवाळीत अठ्ठेचाळिसावा श्लोक झाला. समोरासमोर म्हणून दाखवणे तेवढे राहिले. त्यासाठी मी या वयात व्हिसाच्या रांगेत उभा राहिलो आणि नऊ तास विमानात पाय आखडून बसलो.

एश्बॉर्नला पोचल्यावर पहिला आठवडा तिची शाळा, पोहण्याचा वर्ग आणि सर्दी यांत गेला. दुसऱ्या आठवड्यात शनिवार-रविवारला जोडून शाळेला सुटी आली. मुलगा म्हणाला, ‘अण्णा, आपण तीन दिवस डोंगरात जाऊ. हिचा स्कीचा कोर्स आहे तिथं. निवांत म्हणेल ती तुमच्यासमोर. वातावरण पण छान असतं.’ डोंगर, हिम आणि सूर्याचे स्तोत्र, हा योग मला खरोखर मंगल वाटला. पाच तासांच्या मोटारप्रवासात मी मनाशी जागाही ठरवली: पूर्वेकडे तोंड असलेला एखादा उंच कठडा, आणि वेळ सकाळची.

गाव सुंदर होते, हे रागातही मान्य केले पाहिजे. घरांच्या भिंतींवर संतांची चित्रे रंगवलेली, चौकाचौकात क्रूसावरच्या ख्रिस्ताची लाकडी मूर्ती आणि तिच्यावर बर्फ पडू नये म्हणून केलेले छोटे छप्पर. जिथे देवाला छप्पर करण्याची बुद्धी माणसांना होते त्या गावाविषयी माझ्या मनात आदरच आहे. आम्ही उतरलो ते एका वृद्ध बाईंचे घर होते. वरच्या मजल्यावरच्या खोल्या त्या प्रवाशांना देत. माझ्या खोलीच्या कोपऱ्यातही एक लहान क्रूस होता. मी हात जोडले, ते त्या बाईंनी पाहिले, आणि त्यानंतर सकाळच्या खाण्याच्या वेळी माझ्या खुर्चीवर त्या उशी ठेवू लागल्या.

पण पहिल्याच संध्याकाळी मुलगा खोलीत आला आणि दार लावून म्हणाला, ‘अण्णा, उद्या पहाटे जरा मनातल्या मनात म्हणाल का? इथं रुहेत्साइट असते. शांततेची वेळ. नियम आहे.’

‘सूर्याचे स्तोत्र सूर्योदयाला म्हणणे ही अशांतता आहे का?’

‘तसं नाही हो. भिंती पातळ आहेत. लोक सुटीवर आलेत, झोपतात.’

सदुसष्ट वर्षांत प्रथमच मी ते मनात म्हटले. घशापाशी येऊन परत जाणारे श्लोक कसे लागतात, ते ज्याने रोज उघड म्हटले आहेत त्यालाच कळेल. मी नियम पाळला, पण राग तिथे सुरू झाला.

त्यानंतर प्रेक्षणीय स्थळे सुरू झाली. मुलाच्या फोनमध्ये त्यांचा तक्ता होता. पहिल्या पूर्ण दिवशी उतरत्या उन्हात आम्ही स्की-उडीचा उतार पाहायला गेलो. डोंगराच्या अंगाला टेकवलेली एक प्रचंड पन्हाळ, आणि तिच्या पायथ्याशी हजारो माणसे बसतील असे रिकामे मैदान. त्या पन्हाळीतून माणसे घसरत येतात आणि टोकाला पोचल्यावर जमीन सोडून देतात. ती किती लांब उडतात ते मुलगा उत्साहाने सांगत होता. मी नातीकडे वळून विचारले, ‘आत्ता म्हणतेस का? जागा मोकळी आहे.’

तिने बापाकडे पाहिले. बाप म्हणाला, ‘अण्णा, थंडी वाढतेय. घसा बसेल तिचा.’

दुसऱ्या दिवशी सकाळी घळ. दोन्ही बाजूंना ताठ कडे, त्यांवरून माणसाच्या उंचीचे बर्फाचे सुळे लोंबत होते, आणि खाली हिरवट, फेसाळ नदी. तिकीट दाखवून, फिरत्या दांड्यातून एकेकाने आत जायचे, आणि कड्यात खोदलेल्या वाटेने रांगेत पुढे सरकायचे. वाटेत एके ठिकाणी पाणी हाताशी येत होते. मी वाकलो आणि पाणी मस्तकी लावून दोन शब्द म्हणावे म्हणून डोळे मिटले, तोच मागून मुलाचा आवाज आला, ‘अण्णा, मागं लाइन थांबलीय.’ मी पुढे झालो. जिथे वाट रुंद होते तिथे थांबून मी नातीला पुन्हा विचारले.

‘आजोबा, हिअर इस्ट एस त्सू लाउट.’

‘बाबा, ती म्हणते इथं आवाज फार आहे,’ सूनबाई घाईने म्हणाल्या. माझ्या सुनेला मी अहो-जाहो करतो. त्यांच्या माहेरच्या विद्वान घराचा तो मान आहे. आवाज होता हे खरेच. पण त्या मायलेकींनी एकमेकींकडे जे पाहिले, ते मला दिसले. परवा आम्ही परतणार, त्यानंतर चार दिवसांनी माझे विमान. मी समोर बसवलेल्या एका मुलाखेरीज आयुष्यात मला कोणी असे टाळले नव्हते, आणि तो मुलगा तर इथे पुढे चालत बर्फाच्या सुळ्यांचे फोटो काढत होता.

दुपारी आम्ही गोंडोलात बसलो. तारेवरून डोंगरमाथ्याकडे जाणारी ती काचेची डबी. समोरासमोर दोन बाके, आठ माणसांची सोय. आम्ही चौघे आणि आमच्याच वयाचे, म्हणजे माझ्या वयाचे, एक जर्मन पतिपत्नी, हातात स्कीच्या काठ्या घेतलेले. वर पोचायला पंधरा मिनिटे लागतात, असे मुलाने सांगितले. दार बंद झाले आणि मी नातीला म्हटले, ‘वर पोचेपर्यंत आपल्या कोणालाच काम नाही. इथे आवाज नाही. थंडी नाही. म्हण.’

‘अण्णा, लोक आहेत,’ मुलगा म्हणाला.

‘लोक ऐकतील. लाज वाटावी असे त्यात काही नाही.’

‘तसं नाही, पण इथं…’

‘तू खाली बघ. दरी छान दिसते.’

नातीने खिशातून उतारांचा नकाशा काढला. स्की करणाऱ्यांना तो खालच्या खिडकीपाशी फुकट मिळतो. त्यात डोंगर पांढरा आणि उतार निळ्या, लाल, काळ्या रेघांनी दाखवलेले असतात. तो तिने वर्तमानपत्रासारखा तोंडासमोर उघडला आणि सुरू केले. पहिले तीन श्लोक ऐकताना माझा राग कुठे गेला ते कळले नाही. स्वर शुद्ध होता, ऱ्हस्व-दीर्घ नेमके होते, यती जिथे पडायला हवी तिथेच पडत होती. खाली देवदारांच्या शेंड्यांवर बर्फ होते, आणि एका जर्मन डबीत आमच्या पूर्वजाचा सूर्य उगवत होता. आठव्या श्लोकाला मला जाणवले की हात चुकीचे आहेत. स्तोत्र म्हणताना हातात काही धरायचे नसते, हात मांडीवर हवेत.

‘बाळ, नकाशा ठेव खाली.’

तिने तो ठेवला. नववा म्हटला. दहावा जरा सावकाश. अकराव्याच्या शेवटी ती थांबली.

मी थांबलो. देणाऱ्याने पुढचा शब्द सुचवायचा नसतो. गोंडोला एका खांबावरून खडखडत गेली. ती थांबलेलीच. समोरच्या जर्मन बाईंना वाटले, गाणे संपले. त्यांनी हातमोजे घातलेले हात एकमेकांवर हलकेच आपटले आणि म्हणाल्या, ‘शोन. झेअर शोन.’ फार सुंदर, असे. मी त्यांना मान झुकवली. त्या क्षणी नातीचा हात नकाशाकडे गेला, आणि मी तिच्या आधी तो उचलला.

आत तीन कागद टाचलेले होते. एकाच बाजूने लिहिलेले, रोमन लिपीत, बारीक आणि नीटस. प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक. शेवटचा अठ्ठेचाळीस.

‘हे काय आहे?’ मी विचारले. आवाज चढवला नाही. समोर परकी माणसे बसली होती.

मग सूनबाई म्हणाल्या, ‘बाबा, माझी चूक आहे. मी आधीच सांगायला…’

‘तिची नाही,’ मुलगा म्हणाला. ‘मी लिहिलंय. लॅपटॉपच्या मागं भिंतीवर लावलेलं असायचं.’

‘किती दिवस?’

‘आल्झो… म्हणजे, अण्णा, वर गेल्यावर बोलू.’

‘आल्झो नको. किती दिवस?’

‘तीन वर्षं.’

जर्मन गृहस्थांनी आपल्या पत्नीला काहीतरी हळूच विचारले आणि तिने त्यांना कोपराने थांबवले. भाषा न कळताही त्या दोघांना सगळे कळले असावे.

वर एक मोठा लाकडी चौथरा होता. कठड्यापलीकडे शिखरांच्या रांगा, आणि कठड्याशी त्या शिखरांची नावे सांगणारा पितळी फलक. लोक उबदार पेये घेऊन उन्हात बसले होते. मला ते काहीच पाहायचे नव्हते. मी कठड्याला पाठ लावून उभा राहिलो आणि मुलाला जे बोललो, ते मी कोणाही विद्यार्थ्याला कधी बोललो नसतो. मी म्हटले, ‘तुला ते नको होते, तू सोडलेस. ते मी सहन केले. पण तू तिच्याकडून ढोंग करवून घेतलेस. तीन वर्षे तू मला भिंतीवरचा कागद ऐकवलास. आणि लिहिलेस. आपल्या घरात कोणी कधी लिहिले नाही ते तू लिहिलेस, आणि भिंतीला चिकटवलेस.’

‘नाही लिहिलं तर तुमच्याबरोबरच जाईल ते, अण्णा.’

‘जाऊ दे. खोटे राहण्यापेक्षा गेलेले बरे.’

नात आमच्या मध्ये उभी होती. हेल्मेट घातल्यामुळे तिचा चेहरा लहान दिसत होता. तिने मराठीत सांगितले, आणि मराठीत सलग वाक्ये ती माझ्याशी तेव्हाच प्रथम बोलली. ‘आजोबा, मला बारावा येतच नव्हता. पहिल्यापासून. मी बाबाला सांगितलं होतं.’

‘मग मला का नाही सांगितलेस?’

‘तुम्ही खूश होत होता ना.’

एवढे म्हणून ती रडली नाही, काही नाही. नाक पुसले आणि आईचा हात धरून स्कीच्या वर्गाला गेली. वर्ग तिथेच, चौथऱ्याखालच्या सपाटशा उतारावर होता.

मी आणि मुलगा उताराकडे तोंड असलेल्या बाकावर बसलो. आमच्या दोघांमध्ये आणखी एक माणूस बसेल एवढी जागा होती. रागात माणूस काय करतो? मी चष्मा लावला आणि ते कागद तपासायला घेतले. चुका सापडल्या असत्या तर मला बरे वाटले असते. लिहिणे असे जर्मन धर्तीचे की तोंडाने पुटपुटल्याशिवाय लागेना. पण लागले ते बरोबर लागले. बत्तिसावा बरोबर. चाळिसावा बरोबर. हे श्लोक मी त्याला दिलेच नव्हते.

‘एकतिसाच्या पुढचे तुझ्याकडे कुठून आले?’

‘पलीकडच्या खोलीत बसायचो की भूमिती घेऊन. तुम्ही रोज पहाटे म्हणायचात. कॉलेजला जाईपर्यंत. कान काय मिटता येतात?’

‘मग बोलला का नाहीस?’

‘काय बोलायचं? तुम्ही विषय संपवला होतात.’

मी पान मागे उलटले. एकोणिसाव्या श्लोकात दोन विशेषणे होती, चुकीच्या क्रमाने, आणि त्यांच्यावरून लाल शाईचा एक बाण काढून त्यांच्या जागा बदललेल्या होत्या. मला तो शनिवार लख्ख आठवला. दोन हिवाळ्यांपूर्वी नातीने नेमकी तीच चूक केली होती, आणि मी ती ऐकून हेलावलो होतो. बापाची चूक लेकीच्या जिभेवर आली, रक्त काय असते पाहा, असे मी पाठशाळेतल्या सहकाऱ्यांनाही सांगितले होते. त्यांनीही माना डोलावल्या होत्या. ते रक्त नव्हते. तो कागद होता. माझ्या भावुकतेची अशी फजिती झालेली मला सहन होईना, आणि पुन्हा राग उसळला तो या बाणाला पाहून.

‘हा बाण त्या दिवशी काढलास?’

‘हो. मी कॅमेऱ्याच्या बाजूला बसलो होतो. दर शनिवारी बसायचो.’ तो उताराकडे पाहत होता. ‘तिला तुम्ही काय म्हणालात ते आठवतं? "बाळ, हे आधी, ते नंतर. हं, पुढे." संपलं. पहिल्यापासून म्हण, म्हणाला नाहीत. मी वाट बघत होतो म्हणाल म्हणून.’

‘ती लहान होती.’

‘मी केवढा होतो?’

खाली शिक्षिका मुलांना एका ओळीत घसरत नेत होती. आमची नात चौथी होती. ती वळणावर पडली, काठ्या एकीकडे, पाय एकीकडे. शिक्षिकेने तिला उभे केले, पाय नीट ठेवले आणि पुढे ढकलले.

‘बघा,’ मुलगा म्हणाला. ‘पडली की तिथूनच उठवतात. पुन्हा वरून नाही आणत.’

‘स्तोत्र म्हणजे घसरगुंडी नव्हे.’

‘गेनाऊ. अगदी बरोबर. घसरगुंडी पोरं सोडून देत नाहीत.’

त्याच्या बोलण्यात हसू होते की विष, हे मला अजून ठरवता आलेले नाही. मला त्याचा राग आला, आणि त्याहून अधिक राग आला तो अशा गोष्टीचा की जी मला सांगायची नव्हती, तरी इथे सांगतो. पडद्यावर श्लोक म्हणताना नातीचे डोळे हलत असत. डावीकडून उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे, ओळीमागून ओळ. एकेचाळीस वर्षे मुलांना समोर बसवलेला माणूस तो फरक ओळखत नाही का? पाठ म्हणणारे मूल वर छताकडे बघते, किंवा गुडघ्याकडे. आणि तीन वर्षांत ती फक्त एकदा चुकली. असे कोणतेही मूल नसते. मला पहिल्या काही महिन्यांतच कळले होते. मी ते स्वतःला कळू दिले नाही, कारण शनिवार सकाळची मला सवय झाली होती, आणि ते स्तोत्र माझ्यानंतर कोणाकडे तरी राहील, हे मानायला मला फार सुख होत होते. ढोंग तिघांचे नव्हते, चौघांचे होते.

हे मी त्याला सांगितले नाही. मी म्हटले, ‘तू म्हण.’

‘काय?’

‘तुला येते ना? म्हण. कागद माझ्याकडे आहे.’

‘अण्णा, मी त्रेचाळीस वर्षांचा आहे.’

‘वयाची अट नाही.’

‘मला तुमचं "पूर्ण झाले" नकोय.’

‘मी देतो असे म्हटलेले नाही.’

मग जॅकेटच्या खिशात हात घालून, माझ्याकडे न पाहता, उताराकडे पाहत त्याने सुरू केले. अगदी खालच्या पट्टीत. शेजारून जाणाऱ्याला वाटले असते की हा फोनवर बोलतो आहे. त्याचा आवाज माझ्या वडिलांसारखा आहे, हे मला त्या बाकावर कळले. मुलगा तेरा वर्षांचा असताना तो आवाज फुटायचा होता, आणि फुटल्यावर त्याने तो मला कधी ऐकवला नव्हता. तीस वर्षे. ते ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही. ज्या गोष्टीसाठी मी देवापुढे रोज काळजी वाहत होतो, ती पलीकडच्या खोलीत सुरक्षित होती, आणि तिने मला तसे कळवले नव्हते.

एकोणिसाव्या श्लोकात त्याने ती दोन विशेषणे उलटी म्हटली. बाण त्याच्या हाताने काढला होता, जिभेपर्यंत तो पोचला नव्हता. त्याला लगेच कळले. तो थांबला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे वळून पाहू लागला.

माझ्या तोंडात शब्द तयार होता. घराण्याचा दंडक आहे, माझ्या वडिलांनी मलाही तो दोन वेळा लावला होता. आणि मी रागात होतो. त्याच्या ढोंगामुळे, मौनामुळे, त्या टोमण्यामुळे मी असा रागात होतो की त्याला पहिल्या श्लोकावर परत पाठवणे मला न्याय्यच वाटले असते. खाली मुले उतारावर आरडाओरड करत होती. तो वाट पाहत होता. तो उठला असता, हे मला निश्चित ठाऊक होते. आसन नव्हते, त्यामुळे घडी करण्याचाही प्रश्न नव्हता. उठून चालू लागला असता.

मी ती दोन विशेषणे योग्य क्रमाने उच्चारली. आणि म्हटले, ‘हं. पुढे.’

तो पुढे गेला. विसावा, एकविसावा. एकतिसाव्यापाशी तो क्षणभर रेंगाळला, मग बत्तिसावा सुरू केला, जो मी त्याला दिला नव्हता. अठ्ठेचाळीस पूर्ण होईपर्यंत त्याने पुन्हा चूक केली नाही. शेवटचा चरण संपला तेव्हा नात आणि सूनबाई बाकाच्या मागे उभ्या होत्या. वर्ग कधी सुटला ते मला कळले नव्हते.

मी ‘पूर्ण झाले’ म्हटले नाही. चूक झाली होती, दंडक मी एका जागी मोडला होता, दुसऱ्या जागी तरी तो टिकला पाहिजे. त्यानेही काही विचारले नाही. तो उठला आणि मुलीच्या बुटांचे घट्ट बसलेले चिमटे सोडवायला तिच्यापुढे गुडघ्यावर बसला. ती त्याच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहत म्हणाली, ‘आजोबा, बाबाला बारावा येतो.’

‘येतो,’ मी म्हटले. ‘त्याच्याकडून घे.’

परतीच्या मोटारीत मी त्याच्याशी बोललो नाही, एश्बॉर्नमधले उरलेले चार दिवसही कामापुरतेच बोललो. विमानतळावर त्याने नमस्कार केला, मी आशीर्वाद दिला. कागद मी नदीत सोडायचे ठरवून वाईला आणले. अजून सोडलेले नाहीत.

शनिवार चालू आहे. माझी अट अशी की लॅपटॉपच्या मागची भिंत कोरी हवी आणि मुलाने मला दिसेल असे बसायचे. तो बसतो. नातीला आता चौदा येतात, आणि ती वर छताकडे बघत म्हणते. चुकली की तिचा बाप तिला तिथूनच उचलतो, आणि माझे ओठ हलतात ते त्याला पडद्यावर दिसत असणार. माझा राग गेलेला नाही. ते दोन शब्द मी त्याला अजून दिलेले नाहीत, तो मागत नाही, आणि दर शनिवारी कॉल संपताना आम्ही दोघेही एखादा क्षण जास्त थांबतो.